ना पांढरी दोन, ना काळी दोन

"कुंभोजे, नाव झाकलंय का?"

"झाकलंय मॅडम. चिकटपट्टी डबल मारलीय. आता खुद्द पेशंट आला तरी त्याला स्वतःचं नाव वाचता यायचं नाही."

आमचे टेक्निशियन कुंभोजे मला असले टोमणे रोज मारायचे. मिरजेत माझं सीटी स्कॅनचं सेंटर सुरू होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, पण माझी एक सवय गावभर चेष्टेचा विषय झाली होती. आधी फिल्म बघायची, मग कागद. नाव, वय, काय होतंय, कुणी पाठवलंय, काही म्हणजे काही आधी बघायचं नाही. कागद आधी वाचला की डोळे कागदाचंच ऐकतात, असं माझं मत. डॉक्टर मंडळी म्हणायची, त्या आरवाडेबाईंना शिष्टपणा फार. होताच की! तो नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून मी तो अजून सोडलेला नाही.

त्या दिवशी दिव्याच्या पेटीवर छातीची एक फिल्म लागली आणि मी खुर्ची पुढं ओढली. दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके, कुणी मूठमूठ बाजरी फोकून द्यावी तसे. आमच्याकडं छातीत अशी बाजरी दिसली की डॉक्टर क्षयाची औषधं लिहून मोकळे होतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण उजव्या बाजूला वर एक लहानशी गाठ होती. तिच्या कडा घट्ट नव्हत्या. आरशावर श्वास सोडल्यावर जसं धुरकट होतं, तसं तिच्याभोवती पसरलेलं होतं. शिवाय पाठीचा एक मणका आतून पोखरल्यासारखा दिसत होता.

"कुंभोजे, या माणसानं जन्मात विडी ओढलेली नाही," मी म्हटलं. "आणि हा क्षय नव्हे."

"नाव झाकलंय तरी तुम्ही कुंडली मांडा."

पट्टी काढली. बिल्कीसबी, वय पन्नाशीच्या पुढं. विडी, तंबाखू, मिश्री, कसलंही व्यसन नाही. आणि खाली लिहिलेलं, क्षयाची औषधं कित्येक महिने चालू, फरक नाही.

मी त्यांना आत बोलावलं. सडपातळ बाई, डोक्यावरून पदर, दोन पावलं टाकली की दम खात होत्या. मागं त्यांचा मुलगा मुनीर, बावीस-तेवीस वर्षांचा, आईची चप्पल हातात घेऊन उभा. बाई खुर्चीवर बसल्या आणि मान वाकडी करून भिंतीकडं कान लावला.

"काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"ते सांगते मागनं. आधी हे सांगा ताई, तुमचं हे मशीन सारखं असंच बोंबलतंय होय?"

"कुठलं मशीन?"

"आतलं ओ, मोठं. ना पांढरी दोन, ना काळी दोन. मधीच लटकलंय. त्यात झोपून माझं डोकं उठलं बघा."

"अम्मी, चुप बैठो ना," मुनीर लाजून म्हणाला.

बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांवरून आमच्याकडं गाण्याचा सूर सांगतात, पांढरी चार, काळी एक, असा. पण लाखो रुपयांच्या मशीनला बेसूर म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. मला रागही आला आणि हसूही आलं. कुंभोजे तर तोंडावर रुमाल धरून बाहेरच पळाले.

मग कळलं, बाई तंतुवाद्यांच्या गल्लीतल्या. सासर आणि माहेर दोन्हीकडं तंबोरे करणारे. तंबोऱ्याची तार हाडाच्या घोडीवर टेकते ती जागा कानशीनं केसाएवढी घासून आवाज उघडायचा, याला जवारी लावणं म्हणतात. एक केस जास्त घासला गेला की घोडी फुकट. हे काम पुरुषांचं. बायकांनी कामाच्या पाटावर बसायचं नाही. पण बिल्कीसबींचे मालक पाटावर बसून तार छेडायचे आणि या आतून, भाकऱ्या थापता थापता, ओरडायच्या, "अजून घासा!" मालक वारल्यावर त्या सरळ पाटावर जाऊन बसल्या. गल्ली बोलली थोडे दिवस, मग गप्प बसली. कारण तसा तंबोरा दुसऱ्या कुणाकडनं निघत नव्हता.

मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. म्हटलं, मला हा कॅन्सर वाटतोय, तुकडा काढून बघावा लागेल.

मुनीरच्या हातातली एक चप्पल खाली पडली.

"ताई, याला हात हाय," त्या मुलाकडं बोट दाखवून म्हणाल्या. "कान न्हाई अजून. साल-दोन साल माझ्यासमोर बसला तर येईल. तेवढं करून द्या मला. तोवर माझा कान नि माझी बोटं चालू ठेवा. जास्त मागत न्हाई."

मागणं एवढंच होतं. मी मान हलवली. डॉक्टरनं अशी मान हलवायची नसते, पण हलवली.

---

कॅन्सरचे डॉक्टर म्हणजे हेरवाडकर, माझा वर्गमित्र. कॉलेजपासून आम्ही त्याला हेरव्या म्हणतो. मनानं लोणी, पण पुरावा समोर असल्याशिवाय जागचा हलणार नाही. त्यानं मणक्यातला तुकडा काढवून घेतला. कॅन्सरच निघाला, फुप्फुसातून मणक्यात उतरलेला. आता प्रश्न एकच उरला होता, त्या गाठीतलं जनुक कोणतं बिघडलंय.

इथं थोडं सांगायला हवं. गाठीतल्या पेशींत कुठलं जनुक बिघडलंय त्यावर गाठ कशी वाढते, कशी पसरते आणि म्हणून फिल्मवर कशी दिसते, हेही थोडंफार ठरतं. विडीवाल्यांची गाठ बहुधा घट्ट, ढेकळासारखी. आणि एका विशिष्ट जनुकाच्या बिघाडाची गाठ, जी कधी धूर न ओढलेल्या बायकांत जास्त सापडते, ती पुष्कळदा कडेनं धुरकट असते, आणि पसरली की कधी कधी अशी बाजरी पेरत जाते. ही विद्या तेव्हा नवी होती. मी त्यावरचे लेख जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचायची. नवरा म्हणायचा, एक दिवस आमटीत फुप्फुस पडेल. म्हणू दे. ते जनुक बिघडलेलं निघालं तर रोज एक गोळी पुरायची. नाही निघालं तर केमो.

आणि हेरव्यानं एका दुपारी मला त्याच्या केबिनमध्ये बसवून सांगितलं, "नाही निघालं. बिघाड आढळला नाही असा रिपोर्ट आलाय. सोमवारपासून केमो सुरू करतो."

"कुठली?"

"एका औषधानं कान जाऊ शकतात. म्हणून दुसरं देतोय. त्यानं बोटं बधिर होऊ शकतात, सगळ्यांची होतातच असं नाही."

"तंबोरा लावणाऱ्या बाईची बोटं?"

"मग काय करू? मला काय हौस आहे, त्रिशला?" तो चिडला. "ती बाई दिवसेंदिवस खाली चाललीय. वाट बघायला वेळ नाही."

"फिल्म बघ की रे एकदा."

"बघितली. छान आहे. तुझ्या फिल्मवर मी गोळी लिहू? उद्या कुंभोजे येतील, म्हणतील मला पेशंटच्या चेहऱ्यावरनं कळतं."

"गोळी लिही कोण म्हणतंय? चित्र म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मला कळतं. तसलं चित्र असून जनुक ठीक निघालेले पेशंटही असतात. पण संशय तर घेशील की नाही?"

"कशावर?"

"नमुन्यावर. मणक्याचा तुकडा ना? मग हाड कापलं कसं? हाड काय पात्याखाली सरळ जातं?"

"आम्लात ठेवून मऊ करतात. नेहमीचंच आहे ते." हे बोलता बोलता तो थांबला. हेरव्या हुशार आहे, ते मी कधी नाकारलेलं नाही.

"कॅन्सर ओळखायला चालतं ते," मी म्हटलं. "पेशीचा आकार टिकतो. पण आतलं जनुक आम्लात शिजून त्याचा लगदा झाला असेल तर तपासणाऱ्याला सापडणार काय? शितावरनं भाताची परीक्षा करतात हेरव्या, पण शितच करपलेलं असलं तर?"

तो पेनचं टोपण उघडझाप करत बसला.

"मग नमुना परत कुठून घ्यायचा?"

"छातीतून. त्या गाठीतनंच. मी घेते."

"दम लागलेल्या बाईच्या छातीत सुई? फुप्फुसाला भोक पडून ते बसलं तर? आणि एवढं करून पुन्हा 'नाही'च आलं तर? तेवढे दिवस केमोविना गेले, ते कुणाच्या नावावर टाकू?"

"माझ्या."

"फुशारकी मारू नको."

"मारणार. सवय आहे मला."

असं ठणकावून सांगून मी बाहेर पडले खरी, पण जिना उतरताना मध्येच थांबले. हेरव्या बोलला त्यातला एक शब्दही चूक नव्हता. माझ्या हट्टापायी त्या बाईचे उरलेले दिवस जाणार असतील तर माझ्या डोळ्यांना काय जाळायचंय?

---

बाई हो म्हणाल्या तर केमो पुढं ढकलायचं हेरव्यानं कबूल केलं. बिल्कीसबींना मी दोन्ही बाजू सांगितल्या. सुईचा धोका सांगितला, थांबण्याचा धोका सांगितला, पुन्हा 'नाही' येऊ शकतं हेही सांगितलं. हाड आम्लात भिजवल्याचं ऐकून त्या एवढ्या दमातही हसल्या.

"हाड भिजवलं? आमच्यात घोडीच्या हाडाला पाणी लागलं तरी बाप कानफटात द्यायचा ओ."

"मग काय करायचं? घेऊ सुईनं?"

"घ्या की. तुम्हाला किती खात्री हाय?"

"पुष्कळ. पण पूर्ण नाही."

"पूर्ण कुणाला असती? मी कानस मारते तवा मला तरी कुठं असती?" मग मुनीरकडं वळून म्हणाल्या, "तू रडायचं असलं तर बाहेर जाऊन रड. हितं ताईंचा हात हलेल."

सुईच्या दिवशी हेरव्या स्वतः आला, ऑक्सिजन आणि बाकीची तयारी घेऊन. मला म्हणाला, "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही आलो." मी म्हटलं, "माहिती आहे. गप उभा राहा."

बिल्कीसबींना मशीनमध्ये झोपवलं. त्यांनी आत जाता जाता मशीनच्या घुमण्याकडं बघून तोंड वाकडं केलं. मी सांगितलं, "मी सांगेन तेव्हा श्वास थांबवायचा. मी म्हणेपर्यंत घ्यायचा नाही. खोकला तर अजिबात नको. सुई आत असताना खोकलात तर फुप्फुस फाटेल."

"जवारी ऐकताना कोण श्वास घेतं ओ?" त्या म्हणाल्या.

"धरा श्वास."

त्यांनी धरला. मी सुई सरकवली. कुंभोजेंनी चित्र घेतलं, गाठ अजून बोटभर लांब होती. आणखी सरकवली. तेवढ्यात मला त्यांच्या गळ्याची शीर उडताना दिसली. खोकला वर येत होता. महिनोन् महिने ज्या खोकल्यानं त्यांना झोपू दिलं नव्हतं, तो नेमका आत्ता येत होता. हेरव्यालाही दिसलं, त्यानं पाऊल पुढं टाकलं. बिल्कीसबींनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला, हाताच्या मुठी आवळल्या गेल्या, पण छाती तसूभर हलली नाही. मी गाठ गाठली, तुकडा घेतला, सुई बाहेर काढली.

"घ्या आता श्वास."

त्यांनी श्वास घेतला, डोळे उघडले आणि विचारलं, "आता खोकू?"

"खोका!" मी म्हटलं, आणि त्या अशा खोकल्या की बाहेर मुनीरला ऐकू गेलं. फुप्फुसाच्या कडेनं जराशी हवा निघाली होती, ती आपोआप जिरली. कुंभोजे मला नंतर म्हणाले, मॅडम, एवढी वर्षं नोकरी केली, असा पेशंट बघितला नाही. मीही बघितला नव्हता. त्या बाईचा मला इतका अभिमान वाटत होता की जशी काही मीच तिला वाढवली होती.

हा तुकडा मऊ होता, आम्लाचं कामच नव्हतं. तो तपासायला गेला आणि आम्ही वाट बघत बसलो. ते दिवस कसे गेले ते मलाच माहीत. बिल्कीसबींचा दम वाढला, घरी ऑक्सिजनचं नळकांडं आणावं लागलं. मुनीर रोज सेंटरवर यायचा, काही विचारायचा नाही, बाकावर बसायचा आणि जायचा. मी त्याच्यासमोरून जायची तेव्हा मान खाली घालून जायची.

मग एका दुपारी हेरव्या जिना चढून वर आला. त्याच्या हातात सांगलीच्या भडंगाचा पुडा होता. माझ्या टेबलावर त्यानं तो आपटला.

"निघालं."

"काय निघालं?"

"काय म्हणून काय विचारतेस? तुझं ते जनुक! बिघडलेलं निघालं. गोळी सुरू केली सकाळी." तो खुर्चीत बसला. "हं, बोल आता. काय बोलायचं ते बोलून घे. मी आज ऐकून घ्यायचं ठरवूनच आलोय."

मला बोलायचं पुष्कळ होतं. पण मी भडंगाचा पुडा फोडला, एक बकाणा भरला आणि तिखट लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले. बाहेर बाकावर बसलेल्या मुनीरला कुंभोजेंनी मिठीच मारली.

---

त्यानंतर ऋतू बदलला. रोजच्या फिल्म चालूच होत्या. एकदा कुंभोजेंनी दिव्याच्या पेटीवर एक छाती लावली. नेहमीप्रमाणे नाव झाकलेलं. मी बघितली, सांगायला सुरुवात केली, "दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. उजवीकडं वर एक बारीकसा वण. मणका भरून येतोय. विशेष काही नाही. कुंभोजे, हा पेशंट कशासाठी पाठवलाय? धडधाकट तर दिसतोय."

बघते तर कुंभोजे दाराशी टेकून उभे, गालातल्या गालात हसतायत.

"पट्टी काढा की मॅडम."

मी पट्टी काढली. बिल्कीसबी.

मी ती फिल्म उतरवून खिडकीच्या उजेडात धरली. बाजरीचा एक दाणा शिल्लक नव्हता. मी गर्विष्ठ आहे, लोक म्हणतात ते खरं आहे. पण त्या दिवशी जेवढा गर्व केला तेवढा जन्मात केला नसेल, आणि करायचा पूर्ण हक्क होता मला. माझ्या डोळ्यांचा, हेरव्याच्या मोकळ्या मनाचा, आणि सुई छातीत असताना खोकला गिळून बसलेल्या त्या बाईचा.

त्या आत आल्या, या वेळी चप्पल स्वतःच्या पायात. मागं मुनीर, खांद्यावर कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. कापड सोडलं तर आत छोटा तंबोरा.

"तुमच्यासाठी केलाय," बिल्कीसबी म्हणाल्या. "मशीनच्या खोलीत ठेवायचा."

"मला गाण्यातलं काही कळत नाही ओ, बिल्कीसबी."

"तुम्हाला न्हाई, मशीनला." त्या मशीनच्या खोलीत जाऊन खाली बसल्या, तंबोरा मांडीवर घेतला आणि चारी तारा छेडल्या. मशीन घुमत होतं, तंबोरा घुमत होता, आणि दोन्हींचा आवाज असा एकात एक मिसळला की कुठला कुणाचा कळेना. "बघा. ना पांढरी दोन, ना काळी दोन. तुमच्या मशीनच्या सुरातच लावलाय. ते बदलायचं न्हाई, तर मग आपण त्याच्यासंगं लागायचं. आता बेसूर म्हणायची कुणाची टाप हाय?"

रांगेतले पेशंट दाराशी गोळा झाले होते. कुंभोजे टाळ्या वाजवायला लागले.

गोळीनं बिल्कीसबींना चार वर्षं दिली. शेवटी आजारानं दुसरी वाट शोधली आणि गोळीचं काही चालेना. पण कान शेवटपर्यंत शाबूत होता, बोटंही. त्यांनी मागितली होती त्याच्या दुप्पट वर्षं मुनीर त्यांच्यासमोर पाटावर बसला. त्याला कान आला की नाही, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

परवा आमचं जुनं मशीन गेलं आणि नवीन आलं. तंबोरा कोपऱ्यात होता तसाच होता, पण कुंभोजे, आता निवृत्तीला आलेले, अस्वस्थ. म्हणाले, "मॅडम, हे जमत नाही एकमेकांशी. मलासुद्धा कळतंय." मग मी मुनीरला बोलावणं धाडलं.

तो आला. दाढीत एखाददुसरा पांढरा केस. नवीन मशीन चालू केलं. त्यानं मान वाकडी करून कान लावला, अगदी तसाच.

"पांढरी चार," तो म्हणाला. "पण केसभर उतरलेली. तारा बदलायला लागतील, जवारी परत लावतो."

पिशवीतून कानस काढून तो खोलीत खाली बसला. तार छेडायची, थांबायचं, एकदाच कानस फिरवायची, परत छेडायची. हळूहळू मशीन आणि तंबोरा जवळ यायला लागले, आणि एका क्षणी मला कळेना, कुठला आवाज कुणाचा. मी त्याच्याकडं बघितलं. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, आणि छाती तसूभर हलत नव्हती.

"मुनीर," मी म्हटलं, "जमलं रे. घे आता श्वास."

"थांबा की ओ ताई," तो ओठ न हलवता पुटपुटला, "खर्जाची तार राहिलीय अजून."

मी कुंभोजेंना पुढचा पेशंट थांबवायला सांगितलं.